आधी उंची मोज, मग तिकीट काढ

संगमनेर

चि. सौ. मनू हिस,

मेच्या सुट्टीत लेकरांना इमॅजिका पार्कला न्यायचं घाटतंय, आणि साधं तिकीट काढावं की माणशी जादा पैसे भरून रांग चुकवणारं एक्सप्रेस, एवढंच तू विचारलंस. जावईबापूंचं म्हणणं, जायचंच तर ऐटीत जाऊ. तुला ते पैसे टोचताहेत. फोनवर ‘नको काढू’ म्हणालो असतो तर तू ऐकलंही असतंस, पण उद्या शिर्डीच्या वॉटर पार्कचा किंवा हाँगकाँगच्या डिस्नेलँडचा प्रश्न आला की पुन्हा तिथेच अडशील. म्हणून सविस्तर लिहितो.

तिकिटाचं बघण्याआधी दोघांना दाराच्या चौकटीला उभं कर आणि टेप लाव. मग पार्कच्या यादीत कोणत्या राइडला किती उंची लागते ते बघ. निट्रोसारख्या मोठ्या राइडवर तुझा सहा वर्षांचा थोरला चढूच शकणार नाही. अडीच वर्षांच्या धाकटीचा तर प्रश्नच नाही. एक्सप्रेस तिकिटाच्या यादीतून दोघांना न चालणाऱ्या राइड खोडून टाक. उरलेल्यांपैकी ज्यांना एरवीही फारशी रांग नसते त्याही खोड. समज, माणशी हजार रुपये जादा म्हणजे चौघांचे चार हजार, आणि यादीत शेवटी दोन राइड शिल्लक राहिल्या. म्हणजे एका राइडची रांग चुकवायला दोन हजार. हा हिशोब जावईबापूंपुढे ठेव. त्यांना आकडे लवकर पटतात.

तू म्हणशील, शिर्डीला आईला घेऊन येतो तेव्हा आम्ही पैसे भरून दर्शनाचा पास काढतोच की. काढावाच. तुझ्या आईच्या गुडघ्यांना ती रांग झेपत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नव्या दर्शनरांग संकुलाचं उद्घाटन झालं, तिथे लोकांना बसायची सोय आहे, तरी खोळंबा तो खोळंबाच. पण समाधीपुढे लहान-मोठा प्रत्येक जण पोहोचतो. पार्कात रांगेच्या टोकाला उंचीची पट्टी घेऊन माणूस उभा असतो, आणि तू भरलेले पैसे त्याला दिसत नाहीत.

दुसरं, लहान मुलांची चाल वेगळी असते. मोठ्यांना दिवसभरात सगळं ‘करून’ व्हायचं असतं, यादीवर फुल्या मारायच्या असतात. पोराला एक चक्री आवडली की त्याला तीच पाच वेळा हवी. गावच्या यात्रेत थोरल्याला बघितलंस ना, मोठ्या आकाशपाळण्याकडे ढुंकून न बघता हाताने फिरवायच्या घोड्यावरून उतरायला तयार नव्हता. रांग चुकवणारी तिकिटं बऱ्याच ठिकाणी एका राइडला एकदाच चालतात. तिथे दुसऱ्यांदा बसायचं तर साध्या रांगेतच यावं लागतं.

आणि लहान मुलांचा दिवस रांगेमुळे बिघडतच नाही. तो बिघडतो उन्हाने, झोपेने आणि भुकेने. दुपारी एकनंतर धाकटीला झोप आली की तुझ्या हातात कोणतंही तिकीट असो, ती रडणार. म्हणून पैसे सुटतच असतील तर ते सावलीवर आणि झोपेवर खर्च कर, हे माझं स्पष्ट मत. पार्काला लागूनच नोव्होटेल आहे. त्याचा दर मला महागच वाटतो, पण एक्सप्रेसचे वाचलेले पैसे त्यात घातलेस तर सकाळी दोन-तीन तास खेळणं, दुपारी खोलीवर झोप आणि ऊन उतरल्यावर पुन्हा फेरी असा दिवस लावता येईल. दुपारी बाहेर पडून परत आत सोडतात का, हे मात्र तिकीट काढण्याआधी विचार. वॉटर पार्कात भाड्याने मिळणारा सावलीचा आडोसाही अशाच कामाचा. सामान राहतं, ओली पोरं पुसता येतात, धाकटीला निजवता येतं. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तान्ह्या-लहानग्यांच्या खाण्याचं मात्र विचारून ठेव.

मी मालपाणींच्या गावचा म्हणून त्यांची बाजू घेतोय असं समजू नकोस. मनमोहन शेट्टींच्या ॲडलॅब्जने 2013 मध्ये खोपोलीजवळ सुरू केलेलं इमॅजिका 2022 मध्ये आमच्या गायछाप जर्दावाल्या मालपाणी समूहाने घेतलं, याचं गावात कौतुक आहे खरं. पण त्यांचं महाग तिकीट घेऊ नकोस असंच मी सांगतोय ना!

एक नाजूक गोष्ट. लहानपणी टीव्हीवर एस्सेलवर्ल्डची जाहिरात लागली की तू हातातलं ताट तसंच ठेवून बघत बसायचीस. गोराईला त्या पार्कात जायचं राहून गेलं, आणि आता तर ते बंदही पडलं. ती हौस मनात असेल तर तू आणि जावईबापू एक दिवस दोघंच जा, पोरं आमच्याकडे ठेवा, आणि त्या दिवशी खुशाल एक्सप्रेस काढा. मोठ्या माणसांना त्याचा पुरेपूर उपयोग होतो. धाकटीच्या नावावर आपली हौस भागवायला गेलीस तर तिलाही त्रास आणि तुलाही. अडीच वर्षांचं फारसं काही पुढे कुणाला आठवत नाही. फोटो तुमच्यासाठी असतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हाँगकाँगचंही थोडक्यात सांगतो. तिथल्या डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, म्हणून धाकटी तिनाची व्हायच्या आत घाईने उरकायची कल्पना जावईबापूंची असणार. विमानाचा खर्च बघितला तर ती बचत काहीच नाही. थोरला नऊ-दहाचा होईपर्यंत थांबा. अमेरिकेतल्या डिस्नेने 1999 मध्ये रांग चुकवायचा फास्टपास काढला तेव्हा तो फुकट होता, 2021 पासून त्याचे पैसे घेऊ लागले. म्हणजे पुढे हा खर्च कमी होईल अशी आशा धरू नका. पण एक सोय डिस्नेत अजून फुकट आहे. आईबापांपैकी एकाने राइडवर जायचं, दुसऱ्याने लहानग्याला सांभाळायचं, आणि मग दुसऱ्याने पुन्हा पूर्ण रांग न लावता जायचं. इथल्या पार्कातही असं चालतं का, ते विचारायला काय हरकत आहे?

जादा पैसे भरावेत असे दिवसही असतात. दिवाळीची सुट्टी, सोबत दमणारं वयस्क माणूस, दहा-बारा वर्षांची धडधाकट पोरं, आणि पुन्हा यायचा योग नाही. यातलं तुझ्या बाबतीत सध्या काहीच नाही. सुट्टी घेऊन मधल्या वारी गेलीस तर रांगही कमी असेल.

खरं तर यंदा इमॅजिका सोडून इकडेच ये. शिर्डीत साईतीर्थ पार्क आहे, तिथली तीर्थयात्रेची सफर धाकटीलाही झेपेल. लंकादहनाच्या खेळाला मात्र अंधार आणि मोठा आवाज असतो; तिथे थोरल्याला बापाबरोबर पाठव आणि तू धाकटीला घेऊन बाहेर थांब. वॉटर पार्कला जायचं तर सकाळी दार उघडताच. नायलॉनचे कपडे बरोबर आण, सुती चालत नाहीत. गुरुवार आणि शनिवार-रविवार हे गर्दीचे वार सोडून दिवस धर, आणि दोघांची उंची मला आठवणीने कळव. मामी दशम्या करून ठेवते म्हणतेय, वाटेत होतील.

तुझा
मामा