जुन्या लहान ट्रॅक्टरमधील विद्युत बिघाड : आधी मोजमाप, मग खर्च

कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोहोचली असताना फवारणीचा ट्रॅक्टरच सुरू न झाल्यास नियंत्रणाची योग्य वेळ निघून जाते. अशा वेळी घाईने नवी बॅटरी किंवा स्टार्टर घेण्यापूर्वी मल्टिमीटरने पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. रात्रभर न वापरलेल्या, पूर्ण चार्ज बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात. १२.४ पेक्षा कमी असल्यास प्रथम बॅटरी चार्ज करावी.

२. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, स्टॉप नॉब ओढून स्टार्टर फिरवावा. त्या वेळी बॅटरीचे ऋण टोक व इंजिनचा उघडा धातू यांत ०.५ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसल्यास अर्थिंगची जोडणी सैल वा गंजलेली समजावी.

३. इंजिन मध्यम वेगात असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत; अन्यथा बेल्टचा ताण, अल्टरनेटर व रेग्युलेटर तपासावेत. यांत्रिक इंधनपंपाचे डिझेल इंजिन चार्जिंगविनाही चालते, म्हणून हा दोष बहुधा पुढच्या वेळी ट्रॅक्टर सुरू करतानाच उघड होतो.

जोडण्या साफ करताना अर्थिंगची तार प्रथम सोडवावी व शेवटी जोडावी. फ्यूजऐवजी साधी तार कधीही लावू नये. ही तपासणी हंगामापूर्वीच उरकल्यास फवारणी वेळेवर होते.