मोजलेलें काम आणि न मोजलेलें काम

मुंबईच्या खाडीपलीकडील नवी मुंबई शहर ओसाड जागेवर वसलेलें नाहीं. १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी शहराकरितां घेण्यांत आल्या. तेथें मुख्यतः आगरी व कोळी लोक भातशेती, मिठागरें व मासेमारी यांवर निर्वाह करीत. त्यांच्यावर जो प्रसंग आला, तो खेड्यांतील प्रत्येक कुटुंबाला विचार करावयास लावणारा आहे.

त्या गांवांत पुरुष नांगर धरी. पण लावणी, बेणणी व कापणी यांत स्त्रिया दिवसभर वांकून राबत. होडी पुरुष नेई. पण मासळी निवडणें, सुकविणें, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गांठणें व पैसा हातीं घेणें हें बाईचें काम. घर दोघांच्या श्रमांवर उभें होतें.

जमीन गेली तेव्हां दप्तरानें श्रम पाहिले नाहींत. सातबारावरील नांव पाहिलें, आणि तें बहुधा पुरुषाचें होतें. १९८४ च्या जानेवारींत जासईच्या परिसरांत योग्य मोबदल्यासाठीं आंदोलन झालें. पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण मृत्यु पावले. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. परंतु भूखंड मालकीवरून मिळतो, लावणीच्या कष्टांवरून नव्हे. ज्या बाईचें शेत गेलें, तिचा रोजगारही गेला, व त्याची नोंद कोठेंच झाली नाहीं.

नव्या शहरांतही हाच भेद दिसतो. वाशीच्या बाजारांत पोतीं वाहणारे माथाडी बहुतेक पुरुष आहेत. त्यांच्यासाठीं १९६९ सालीं कायदा झाला, आणि मंडळामार्फत मजुरी व भविष्यनिर्वाह निधि मिळूं लागला. त्याच शहरांत घरोघरीं भांडीं घासणाऱ्या बहुतेक स्त्रिया आहेत. त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीं, म्हणजे ३९ वर्षांनंतर झाला. त्याचा भर साह्यावर आहे, मजुरी मिळवून देण्यावर नाहीं. असें कां? माथाडी एका ठिकाणीं जमतात, म्हणून त्यांची संघटना झाली. मोलकरीण मात्र बंद दाराआड एकटीच राबते. तिचें ओझें कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

यावरून आम्ही एवढेंच म्हणतों कीं, जें काम लिहिलें जात नाहीं तें संकटाच्या वेळीं हिशेबांत धरलें जात नाहीं. ख्रिस्ती वाचकांनीं हेंही जाणावें कीं, मृत्युपत्र नसल्यास १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणें ख्रिस्ती मुलीचा वांटा मुलाइतकाच असतो. २००५ पासून हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींतही मुलीस मुलाइतकाच हक्क आहे. हक्क असूनही नांव लागलें नाहीं, तर जमीन जातांना तिला विचारणार कोण?

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. आपल्या घरच्या शेतांत गेल्या हंगामांत कोणीं किती दिवस काम केलें?
२. सातबारावर कोणाकोणाचीं नांवें आहेत?
३. उद्यां जमीन गेली, तर घरांतील कोणाचें काम जाईल व मोबदला कोणास मिळेल?