नेम चुकला की फाउल झाला?

कॅरम आपल्या गल्लीत सगळेच खेळतात. स्ट्रायकर भोकात गेला, की दंड म्हणून एक सोंगटी पटावर परत ठेवावी लागते. तेथे “मी मुद्दाम नाही केले” ही सबब चालत नाही. पूल या खेळाचेही तसेच आहे. छत्रपती संभाजीनगरातली आपली तरुण मुले आता हा खेळ खेळतात. तेव्हा त्याचा न्याय कसा होतो ते समजून घेऊ.

टेबलाला सहा भोके असतात. पांढऱ्या चेंडूला काठीने मारायचे व त्याने आपला चेंडू भोकात घालायचा. १ ते ७ चेंडू एकाचे, ९ ते १५ दुसऱ्याचे. काळा ८ नंबर शेवटी.

नेम चुकून चेंडू भोकात गेला नाही, तर फक्त पाळी जाते. फाउल निराळा. तो असा होतो :

१. पांढरा चेंडू भोकात पडला.
२. पांढरा चेंडू आधी दुसऱ्याच्या चेंडूला लागला, किंवा कोणालाच लागला नाही.
३. चेंडूला लागल्यावर एकही चेंडू भोकात गेला नाही, की टेबलाच्या कडेला लागला नाही.
४. चेंडू टेबलाखाली उडाला.

फाउल झाला, की समोरचा गडी पांढरा चेंडू हवा तेथे ठेवून खेळतो. दंड मोठा आहे, म्हणून भांडणेही होतात.

कधी काठीच्या टोकाला खडू कमी असतो. टोक सटकते, ‘टक्’ असा आवाज होतो. बघणारे हसतात. पण नुसते सटकणे म्हणजे फाउल नव्हे. चेंडू कोणाला लागला, ते पाहावे.

पंच नसेल तर? शंका वाटल्यास मारण्याआधीच तिसऱ्या माणसाला बघायला बोलवावे. फाउल दिसला तर लगेच बोलावे. पुढचा फटका बसल्यावर तक्रार चालत नाही. आणि आपला फाउल आपणच सांगावा. एक डाव जाईल, पण शब्दाची पत राहील.

टेबलावरचा खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे समजू नका. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. १९६४ साली ते पुन्हा जिंकले.

सांगा पाहू :
काठी सटकली. पांढरा चेंडू आपल्याच चेंडूला लागला, मग कडेला लागला. भोकात काही गेले नाही. हा फाउल झाला का?