रुग्णालये आणि हौशी रेडिओचालक

रुग्णालयाचे काम जितके औषधांच्या बळावर चालते, तितकेच ते निरोपांच्या बळावर चालते. रक्तपेढीकडे रक्त मागवणे, भूलतज्ज्ञाला बोलावणे, कोठे खाटा मोकळ्या आहेत हे रुग्णवाहिकेस कळवणे, ही सारी कामे दूरध्वनीवर अवलंबून असतात. तो मुका झाला की इमारत शाबूत असूनही तिचे विभाग एकमेकांपासून तुटतात. हे केवळ भूकंपात किंवा पुरातच घडते असे नाही. रुग्णालयाच्या अंतर्गत दूरध्वनी-यंत्रणेतील एखादा बिघाडही त्यास पुरेसा होतो.

अशा वेळी हौशी रेडिओचालक उपयोगी पडतात. त्यांना 'हॅम' असेही म्हणतात. परीक्षा देऊन ते शासनाचा परवाना मिळवतात आणि कोणताही मोबदला न घेता सेवा देतात. दूरध्वनीला, तसेच मोबाइललाही, मध्ये केंद्र किंवा मनोरा लागतो. हॅमचे यंत्र मात्र दुसऱ्या यंत्राशी थेट बोलू शकते आणि मोटारीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते. 144 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी शहराच्या परिसरात उपयोगी पडतात. 7 किंवा 14 मेगाहर्ट्झच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरांवरून परत फिरून शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर दूर पोहोचतात.

या साधनाचा पद्धतशीर उपयोग कसा करावा, याचे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आढळते. तेथील ऑरेंज परगण्यातील रेडिओचालकांनी 1980 साली खास रुग्णालयांसाठी एक संघटना उभारली. तिला बोलावणे येई ते बहुधा मोठ्या आपत्तीत नव्हे, तर एखाद्या रुग्णालयाचे दूरध्वनी बंद पडल्यावर. मग हाती छोटी यंत्रे घेतलेले स्वयंसेवक निरनिराळ्या विभागांत उभे राहत आणि तुटलेला संवाद पुन्हा जोडत.

या कामात कौशल्याइतकीच शिस्त लागते. संदेश आधी लिहून घ्यावयाचा, जसाच्या तसा वाचावयाचा आणि पलीकडच्याने तो परत म्हणून दाखवावयाचा. औषधाचे नाव अक्षरश: सुटे करून सांगतात. पंधरा आणि पन्नास यांचे इंग्रजी उच्चार कानाला सारखे वाटतात, म्हणून त्यांतील अंक वेगवेगळे उच्चारतात. औषधाच्या मात्रेत अशी गफलत झाली तर ती जिवावर बेतू शकते. शिवाय हे संभाषण कोणालाही ऐकता येते. त्यामुळे रुग्णाचे नाव शक्यतो उच्चारावयाचे नसते. निर्णय डॉक्टरांचा, रेडिओचालक केवळ निरोप्या असतो.

भारतातील दोन प्रसंग या संदर्भात बोलके आहेत. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा भुजचे सरकारी रुग्णालयच कोसळले आणि जखमींवर उघड्यावर उपचार करावे लागले. दूरध्वनी बंद होते. मदतीस धावलेल्या हॅमना आपली यंत्रे घेऊन बाहेरून तेथवर पोहोचावे लागले. 26 डिसेंबर 2004 रोजी अंदमान-निकोबार बेटांवर त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रक्षेपणासाठी पोर्ट ब्लेअर येथे आधीच येऊन राहिले होते. त्यांचे केंद्र उभे होते, म्हणून आपत्तीनंतर लगेच ते निरोप पाठवू शकले.

पहिल्या प्रसंगी साधन मागाहून आले, दुसऱ्या प्रसंगी ते योगायोगाने हजर होते. रुग्णालयाने योगायोगावर विसंबून राहणे बरे नव्हे. गच्चीवर एक अँटेना, भारित बॅटरी, परिसरातील परवानाधारकांची यादी आणि वर्षातून एखादी रंगीत तालीम, एवढी तयारी फार खर्चाची नाही. संकटाच्या वेळी डॉक्टर, औषध आणि रुग्ण यांची गाठ घालून देणारा निरोप मात्र या तयारीवाचून अडून राहतो.