बोट दोघांची, सुकाणू एकाचं

सिअ‍ॅटलहून ब्रिटिश कोलंबियाच्या बेटांमधून अलास्कापर्यंत जाणाऱ्या इनसाइड पॅसेजमध्ये उन्हाळाभर मोटर यॉटवर संसार करणारी जोडपी दिसतात. बरीचशी निवृत्त, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली. या जगण्याचं मला मनापासून वेड आहे, म्हणूनच त्यातल्या एका धोक्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. अशा अनेक बोटींवर सुकाणू, इंजिन, नकाशे आणि रेडिओ एकाच्याच, बहुधा नवऱ्याच्या, ताब्यात असतात. बायको धक्क्याला लागताना दोर सांभाळते, स्वयंपाकपाणी बघते आणि उरलेला वेळ प्रवासी असते. माझं म्हणणं असं की त्या बोटीवर माणसं दोन असली तरी खलाशी एकच असतो. तो पाण्यात पडला किंवा छातीत कळ येऊन आडवा झाला, तर बोट चालवणारं कुणीच उरत नाही.

इथल्या पाण्यात पडणं म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावं. हे पाणी बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यातही अंग गोठवणारं असतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीझब्रेक्ट यांनी थंड पाण्याचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचा १-१०-१ हा ठोकताळा बोट चालवणाऱ्या प्रत्येकाला पाठ हवा: पहिलं १ मिनिट धाप आवरण्यात जातं, पुढची जेमतेम १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात आणि गारठ्याने शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. मधली १० मिनिटं सरली की बोटांत दोर धरण्याइतकं बळ राहत नाही, शिडी समोर असूनही चढता येत नाही. लाइफ जॅकेट नसेल तर पुढचा तासही मिळत नाही. आता हिशेब करा. ऑटोपायलटवर ८ नॉटने जाणारी बोट मिनिटाला जवळपास २५० मीटर कापते. खाली चहा करत असलेल्या जोडीदाराला ४ मिनिटांनी पत्ता लागला, तर मध्ये १ किलोमीटर पाणी पडलेलं असतं, आणि लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढंच दिसतं. बोट वळवून तिथवर आणायची, जवळ जाताना पंख्याने इजा होऊ नये म्हणून गिअर न्यूट्रलला घ्यायचा आणि मग भिजून जड झालेला माणूस वर ओढायचा. हे शेवटचं काम एकट्याच्या ताकदीबाहेरचं आहे. त्यासाठीच सिअ‍ॅटलच्या सेलिंग फाउंडेशनने लाइफस्लिंग विकसित केलं. लांब दोराला बांधलेला तरंगता पट्टा बोटीमागे सोडायचा, बोट पडलेल्या माणसाभोवती फिरवायची, पट्टा त्याच्या काखेत बसला की कप्पीने उचलायचं. साधन उत्तम आहे, पण ती बोट फिरवता आली तर ना!

यावर लोक म्हणतात, किनारा डोळ्यांसमोर असतो, मदत येईल. व्हँकुव्हर बेटाच्या उत्तरेला गेल्यावर मैलोन्‌मैल वस्ती नाही, बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. मदत निघाली तरी पोहोचायला वेळ लागतो. शिवाय किनाऱ्याची जवळीक हाच इथला मोठा धोका आहे. वाटेतल्या सिमोर नॅरोज या अरुंद सामुद्रधुनीत प्रवाह १५ नॉटच्या आसपास जातो. तिथला रिपल रॉक हा पाण्याखालचा खडक ५ एप्रिल १९५८ रोजी सुरुंगाने उडवला, पण प्रवाहाचा जोर तसाच आहे. ८ नॉटच्या बोटीने भरती-ओहोटीच्या मधली, पाणी थबकण्याची वेळ गाठूनच तिथून जायचं. चार्टप्लॉटर वाट दाखवतो. आत शिरायचं की आधीच्या खाडीत नांगर टाकून थांबायचं, हे भरती-ओहोटीचा तक्ता वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

कामाची वाटणी सोयीची असते, हा आक्षेप मला मान्य आहे. ज्याला इंजिनाची आवड आहे त्याने इंजिन बघावं. पण ती वाटणी रोजच्या कामांपुरती असावी. इंजिन बंद करणं, नांगर टाकणं, रेडिओच्या चॅनल १६ वर ‘मेडे’ हा संकटसंदेश देणं, आपण कुठे आहोत ते अक्षांश-रेखांशांसह सांगणं हे दोघांनाही न विचारता जमलं पाहिजे. डीएससी रेडिओवरून संकटाचा इशारा पाठवायला त्याचं लाल झाकण उचलून खालचं बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं. रेडिओला जीपीएस जोडलेला असेल तर स्थान आपोआप जातं. तो जोडलाय का, हे निघण्यापूर्वी दोघांनीही पाहावं. शिकवताना भांडणं होतात हे खरं, म्हणून जोडीदाराकडून न शिकता बाहेरच्या प्रशिक्षकाकडून शिकावं, आणि तेही दुसऱ्याला धक्क्यावर ठेवून. मग एक दिवस एकाने, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने कप्तान व्हावं. धक्क्याला लागताना तर बायकोने सुकाणूवर आणि नवऱ्याने दोरांवर असणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण ताकद दोर ओढायला लागते, चाक फिरवायला नाही.

बोट अजून घ्यायची असेल तर हाच निकष लावा. दोघांतल्या कमी ताकदीच्या माणसाने ती एकट्याने धक्क्यावरून काढून, वळवून, परत लावून दाखवावी. नांगराचं बटण सुकाणूपाशी आहे का, तिथूनच बाहेर पडायला दार आहे का, मागची फळी पाण्याच्या किती जवळ आहे, हे बघावं. ५० फुटी बोट त्याला झेपत नसेल तर ३६ फुटी घ्यावी.