लिहायला कोण लावतं?

अल थुमामात राहणाऱ्या मुलांनो, तुमच्या भागातलं ते पांढरं, गोल स्टेडियम तुम्ही येता-जाता बघता. टोपीसारखं दिसतं ना? ती गहफियाच आहे, म्हणजे कतारी पुरुष आणि मुलं डोक्यावरच्या रुमालाखाली घालतात ती विणलेली टोपी. ४०,००० माणसं बसतील एवढ्या इमारतीची कल्पना आर्किटेक्ट इब्राहिम जैदा यांना अशा घरातल्या, रोजच्या वस्तूवरून सुचली. २०२१ साली स्टेडियम सुरू झालं.

"मला काही सुचतच नाही," असं तुम्ही वर्गात म्हणता, तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी मोठं शोधत असता. आज लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट वाचा.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूर गावचा. त्या शाळेत कधी गेल्याच नाहीत. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा कवी, नारायण वामन टिळक. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर, घरीच शिकल्या. जोडाक्षरांनी त्यांना पुढेही बरंच छळलं. (‘स्त’ आणि ‘त्स’ यांत गोंधळणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या!)

१९१९ साली टिळक वारले. मुलगा देवदत्त याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्याने आईला सांगितलं, तुला आठवेल ते लिहून दे. बस, एवढंच! लक्ष्मीबाई लिहायला बसल्या आणि आठवणी थांबेचनात. माहेरी वडिलांचं कडक सोवळं, टिळकांचा भोळा आणि तितकाच तापट स्वभाव, १८९५ साली ते ख्रिस्ती झाल्यावर दोघांची झालेली ताटातूट, मग हळूहळू त्यांचं स्वतःचं बदललेलं मन. नवऱ्याच्या चरित्रासाठी सुरू झालेलं लिखाण बायकोचं आत्मचरित्र होऊन बसलं. ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. दोन वर्षांनी त्या गेल्या. मुलाने विचारायला आणखी उशीर केला असता तर?

हे पुस्तक वाचताना कुणीतरी समोर बसून बोलतंय असं वाटतं. रडण्यासारख्या प्रसंगातही लक्ष्मीबाई स्वतःलाच हसतात. मला तरी त्यात सगळ्यात जास्त हेच आवडतं.

कधी कधी मात्र कुणी विचारत नाही, तरी लिहावंच लागतं. १८५५ साली पुण्यात, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या १४ वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. ती स्वतः मांग समाजातली होती. आम्हाला वेद वाचायची मनाई आहे, मग आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने त्यात केला. ‘ज्ञानोदय’ने तो निबंध छापला. तिला लिहायला लावलं ते रागाने आणि दुःखाने.

शब्दार्थ
सोवळं : धार्मिक शुद्धतेचे नियम पाळणं
ताटातूट : जवळच्या माणसांनी एकमेकांपासून दूर होणं
तापट : लवकर रागावणारा
दांपत्य : नवरा-बायको

आता तुम्ही लिहा
या शुक्रवारी आजीला किंवा आजोबांना फोन करा. "कशी आहेस? जेवलीस का?" झालं की एक खरा प्रश्न विचारा. "आजी, बाबा पहिल्यांदा दोह्याला निघाले, तेव्हा तू त्यांच्या बॅगेत काय काय भरलंस?" ती बोलेल तसंच्या तसं, दहा ओळींत लिहा. ‘नव्हतं’ला ‘न्हवतं’ म्हणाली तर तेही तसंच राहू द्या. जोडाक्षरं आपण वर्गात बघू.