सावकाश चाल आणि जोराची चाल



“दिवसभर शेतात राबतो, आणखी व्यायाम कशाला?” असे आपण सहज म्हणून जातो. पण खरे बोलायचे तर पूर्वीचे राबणे आता राहिले कुठे? मोट गेली, नांगरट ट्रॅक्टरने होते, बांधापर्यंत मोटारसायकल जाते. चाळिशी उलटली की रक्तदाब आणि मधुमेह दाराशी येऊन बसतात. म्हणून आज चालण्याच्या दोन रीती पाहू.

पहिली रीत एकाच चालीने चालत राहण्याची. दुसरी आलटून-पालटून चालण्याची: ३ मिनिटे जोरात, ३ मिनिटे सावकाश. जपानमधील मात्सुमोतो येथे शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी साठीच्या आसपासच्या २४६ स्त्री-पुरुषांवर ५ महिने प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. आलटून-पालटून चालणाऱ्यांच्या मांड्यांची ताकद १३ ते १७ टक्क्यांनी वाढली, दमसासही वाढला आणि रक्तदाब अधिक उतरला. एकाच मध्यम चालीने दिवसाला ८,००० पावले चालणाऱ्यांत एवढा फरक पडला नाही.

असे का व्हावे? जोराच्या चालीत हृदयाला आणि मांड्यांना नेहमीपेक्षा जादा काम पडते. मधल्या सावकाश चालीत दम परत येतो, म्हणून पुन्हा जोर लावता येतो. नांगराच्या बैलाला तासाच्या टोकाला आपण दम खाऊ देत होतो ना, तसेच हे.

करायचे कसे? आधी ५ मिनिटे सावकाश चाला. मग घड्याळ पाहून ३ मिनिटे जोरात चाला. बोलताना धाप लागावी, दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, इतपत जोर पुरे. पुढची ३ मिनिटे आरामात. अशा ५ पाळ्या म्हणजे अर्धा तास झाला. आठवड्यातून ४ दिवस पुरे.

याचा अर्थ सावकाश चालणे वाया जाते असा नव्हे. अजिबात न चालण्यापेक्षा ते केव्हाही बरे. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी. वेळ थोडा असेल त्याला मात्र दुसरी रीत जास्त फळ देते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले, चक्कर आली, तर तिथेच थांबा व दवाखाना गाठा.

उसाला पाण्याची पाळी आपण चुकवत नाही. देहाची पाळीही चुकवू नये, एवढेच आमचे सांगणे.